बिनपायडलची सायकल

आमच्या बिल्डिंगमध्ये वाढलेल्या प्रत्येक मुलाला खालच्या काकांनी एकदा तरी नापास केलेलं आहे. त्यातली काही पुढे इंजिनिअर झाली, एक डॉक्टर झाली, एकजण तर म्हणे मोठमोठ्या कंपन्यांत बसून दुसऱ्यांच्या मुलाखती घेतो. पण आयुष्यातलं पहिलं नापास या सगळ्यांच्या वाट्याला आलं ते अडीच-तीन वर्षांची असताना, बिबवेवाडीतल्या आमच्या पार्किंगमध्ये, पाण्याच्या टाकीशेजारी. विषय एकच असायचा, हे मूल सायकलवर बसायला तयार आहे का. उत्तरही बहुतेक वेळा एकच असायचं. काका चष्मा काढायचे, रुमालानं सावकाश पुसायचे आणि पोराकडे नव्हे तर त्याच्या आईबापांकडे बघून म्हणायचे, "तयार नाही. दिवाळीनंतर आणा." दिवाळी नुकतीच होऊन गेली असेल तर "पाडव्यानंतर आणा." यावर वाद घालायची सोय नसे, कारण आईबाप तोंड उघडेपर्यंत काका सायकल उचलून घरात गेलेले असत आणि आतून कडी लागलेली असे.

खालचे काका म्हणजे तळमजल्यावरचे, बरोबर आमच्या पायाखालचे. त्यांना नाव-आडनाव आहे, दारावर तशी पाटीही होती. आम्ही तिथे नवीन राहायला आलो तेव्हा मी त्यांना एकदा आडनावानं हाक मारली, तर दुसरं कोण आलंय ते बघायला त्यांनी मागे वळून पाहिलं. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शनिवार पेठेत टायपिंगचा क्लास चालवला. त्या क्लासचा निकाल दर वेळी शंभर टक्के लागायचा असं ते सांगतात आणि त्यात खोटं काही नसावं, कारण नापास होईल अशी शंका असलेल्या कोणालाही ते परीक्षेला बसूच देत नसत. मुलं वर्ष-वर्ष नुसती बोटं बडवत राहायची. काका खुर्चीत डोळे मिटून बसायचे आणि सगळ्या यंत्रांच्या खडखडाटातून एकदम म्हणायचे, "तिसऱ्या मशिनवर करंगळी झोपलीय." पुढे टायपिंगची यंत्रं गेली, क्लासही गेला. 'तयार नाही' म्हणायची सवय मात्र अंगात मुरलेली होती, आणि ती भागवायला घरात एक लहानशी सायकल होती.

ही सायकल त्यांनी मुलगा लहान असताना त्याच्यासाठी घेतलेली. लोखंडी, भरीव टायरची, उचलायला जड. काकांनी तिची आधाराची छोटी चाकं पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. "ही चाकं म्हणजे गाईड," ते म्हणायचे, "गाईड वाचून मूल पास होतं, शिकत नाही." मग त्यांनी पायडलंही काढली. मुलानं आधी पायांनी जमीन रेटत जायचं, तोल सांभाळायला शिकायचं, पायडल मागून कधीही मारता येतं, असं त्यांचं म्हणणं. हल्ली मोठ्या दुकानांत अशा बिनपायडलच्या सायकली परदेशी नावानं मिळतात, हे कोणीतरी त्यांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "उशिरा का होईना, कळलं त्यांना." मुलगा मोठा झाल्यावर सायकल बिल्डिंगची झाली. म्हणजे मालकी काकांचीच, पण जे मूल पास होईल त्याच्याकडे ती सहा-आठ महिने राहायची, मग परत यायची, काका तेलपाणी करून ठेवायचे. गंमत म्हणजे घरोघरी नव्या सायकली घेण्याची ऐपत आल्यावरही लोक आधी काकांकडेच यायचे. काकांनी पास केल्याशिवाय नवी सायकल काढायची नाही, असा एक अलिखित नियमच झाला होता.

परीक्षेची पद्धत ठरलेली होती. सकाळची वेळ. मुलाचं पोट भरलेलं हवं आणि झोप झालेली हवी. आईनं खांबामागे उभं राहायचं, तोंडातून अवाक्षर काढायचं नाही. काका सायकल टाकीला टेकवून ठेवायचे आणि स्वतः शेजारी स्टुलावर बसून पेपर वाचायचे. मुलाला बोलवायचं नाही, सायकल दाखवायची नाही. ते आपणहून आलं तर परीक्षा सुरू. ते येऊ लागलं की काका पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "थांब." निम्मी मुलं इथेच गळायची. "चालता सगळ्यांना येतं," काका म्हणत, "सायकल त्याला द्यायची ज्याला थांबता येतं." त्यातून पुढे गेलेलं मूल सायकलवर टांग टाकताना हमखास पडायचं, आणि पडल्यावर ते कुठे बघतंय हे काका बघायचे. आईला शोधून मग रडायला लागलं तर नापास. पडल्यावर ज्याचं लक्ष पुन्हा सायकलकडेच गेलं, ते तयार.

दुसऱ्या मजल्यावरचे एक आयटीवाले वडील मुलाला हेल्मेट, गुडघ्यांना पट्टे, कोपरांना पट्टे असं सगळं बांधून घेऊन आले होते, आणि मोबाईल स्टँडवर लावून शूटिंगही सुरू केलं होतं. मुलगा छान थांबला, छान पडला, छान उठला. एवढ्या वेळात वडील सहा वेळा "कमॉन चॅम्प" म्हणाले. काकांनी चष्मा पुसला. "मुलगा तयार आहे," ते म्हणाले, "वडील नाहीत. पुढच्या महिन्यात या." दुसऱ्या एका बाईंनी सांगून पाहिलं की आमच्या नणंदेचा मुलगा कोथरूडला दोन वर्षांचा असतानाच चालवायला लागला. "मग कोथरूडला जा," काका म्हणाले. त्यांचं कौतुकाचं भांडारही असंच. चांगल्यात चांगल्या गोष्टीला ते "ठीक" म्हणायचे. लग्नातलं जेवण ठीक, नातवाचे पंच्याण्णव टक्के ठीक. काकूंच्या हातच्या स्वयंपाकालाही ते जन्मभर ठीक म्हणत आले. काकू गेल्या, त्यानंतर मी एकदा आमटीचा डबा घेऊन गेले होते. काकांनी झाकण उघडलं, वास घेतला आणि म्हणाले, "आमच्याकडे स्वयंपाक उत्तम असायचा." ते सांगायला आता उशीर झाला होता, हे त्यांनाही कळत होतं. त्यांनी डबा घेतला आणि ठीक आहे म्हणाले.

मला हा माणूस आवडत नसे, हे सांगून टाकते. त्याचं कारण त्यांचे कान. टायपिंगच्या क्लासनं त्यांचे कान इतके तयार झाले होते की जिन्यात कोण चढतंय, कोणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, वर कोणाचं मूल सोफ्यावरून उड्या मारतंय, हे सगळं त्यांना घरबसल्या कळायचं. आमच्या घरात पूर्वी राहणाऱ्या कुटुंबाला दोन मुलगे होते, आणि काका रोज संध्याकाळी त्यांच्या दारात हजर असायचे म्हणे. "आमच्या डोक्यावर घोडे सोडलेत का?" असं विचारायचे. समोरच्या घरातल्या मुलीच्या पैंजणांवरूनही त्यांनी तक्रार केली होती. आमच्याकडे मात्र ते कधी आले नाहीत. आमची सई दीड वर्षाची झाली, दोन वर्षांची झाली, अडीच वर्षांची झाली, तरी नाही. येणार कशाला? वरून आवाजच नव्हता.

सई चालत नव्हती. सुरुवातीला सगळे म्हणाले, काही मुलं उशिरा चालतात. मग म्हणायचे थांबले. डॉक्टर झाले, मोठे डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या, स्नायूंत जोर कमी आहे एवढं कळलं आणि त्यापुढचं कोणाला सांगता येईना. चालेल का, तर बघू या. कधी चालेल, तर प्रत्येक मूल वेगळं असतं. व्यायाम घेणारी मुलगी फार गोड होती. सईनं बोट हलवलं तरी ती टाळ्या वाजवून "खूप छान" म्हणायची. घरी आलो की मी आणि नवरा जेवायला बसायचो आणि त्या खूप छानचा अर्थ काय असेल यावर आमचं भांडण व्हायचं. नातेवाईक फोनवर इकडचं तिकडचं बोलून शेवटी आवाज उतरवून विचारायचे, "मग? काही फरक?" मी संध्याकाळी पार्किंगमध्ये जायचं सोडून दिलं. सई बूड घासत, हातांनी फरशी रेटत घरभर फिरायची, आणि त्याचा खालच्या घरात किती बारीक आवाज जात असेल, हे माझ्या डोक्यातून जात नसे. कोणीतरी यावं आणि तुमची मुलगी फार धुडगूस घालते असं म्हणून भांडावं, अशी मी वाट बघत होते. हे मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही.

सई साडेतीन वर्षांची असताना प्रजासत्ताक दिनाच्या झेंडावंदनाला आम्ही तिला कडेवर घेऊन खाली गेलो. सामोसे वाटून झाले, आणि आमच्या चेअरमनबाईंच्या मनात आलं. मनानं चांगल्या आहेत त्या. सगळ्यांसमोर त्या म्हणाल्या, "काका, आज द्या हो तिला सायकल. दोन्ही बाजूंनी आम्ही धरतो, एक फोटो काढू. तेवढाच बिचारीच्या जिवाला आनंद."

काका सामोसा खात होते. "परीक्षा झाली का तिची?" त्यांनी विचारलं.

"अहो, तिची कसली परीक्षा घेताय?"

"मग सायकल नाही," काका म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मागे बरंच काही बोललं गेलं. माणूस आहे की दगड, इथपासून सुरुवात झाली. मी सईला घेऊन वर आले. माझा नवरा यवतमाळकडचा, एरवी आयटीतल्या लोकांसारखं अर्धं इंग्रजी बोलतो, पण संतापला की त्याची गावची भाषा वर येते. "एवढुशी सायकल, तिले काहून परीक्षा पाहिजे?" तो म्हणाला. "मी आजच नवी आणतो पोरीले. त्यांची गरज नाही आपल्याले." आणि त्यानं खरंच आणली. गुलाबी, पुढे टोपली, हँडलला झिरमिळ्या, मागे आधाराची दोन चाकं. सईला तिच्यावर बसवलं तर ती एका बाजूला कलायला लागली. मग आम्ही तिला ओढणीनं सीटला बांधलं. नवरा वाकून ढकलतोय, मी बाजूनं धरलंय, अशी ती हॉलमधून एकदा गेली आणि एकदा परत आली. हसली नाही, रडली नाही, नुसती झिरमिळ्यांकडे बघत राहिली. आम्ही ओढणी सोडली. दुसऱ्या दिवसापासून त्या सायकलवर पायपुसणी वाळत पडायला लागली.

मग एका सकाळी मी सईला उचललं आणि भांडायच्या तयारीनं काकांचं दार वाजवलं. "घ्या परीक्षा," मी म्हणाले. "बघू काय विचारता ते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग सईकडे. "नाश्ता झालाय का तिचा?"

"झालाय."

"झोप?"

"झालीय."

"तुम्ही खांबामागे जा," काका म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी स्टूल घेतलं नाही. सायकल टाकीला टेकवली, गुडघे धरून बराच वेळ खटपट करत खाली जमिनीवर बसले आणि पेपर उघडला. मी सईला पलीकडे बसवलं आणि खांबामागे गेले. ती थोडा वेळ इकडे तिकडे बघत राहिली. मग बूड घासत सायकलकडे निघाली. "थांब," काका पेपरामागून म्हणाले. सई थांबली. पुन्हा निघाली. "थांब." पुन्हा थांबली. तिला ते भलतंच आवडलं. ती मुद्दाम दोन इंच पुढे सरकायची आणि काकांनी थांब म्हणायची वाट बघायची, काका म्हणाले की खुदकन हसून जागच्या जागी थिजायची. सायकलपर्यंत पोचायला तिला पुष्कळ वेळ लागला. एवढ्या वेळात काकांनी पेपराचं एकही पान उलटलं नाही. सायकलपाशी आल्यावर तिनं चाक धरून अंग वर ओढायचा प्रयत्न केला, आणि कलंडली. लगेच तिनं मान वळवून मला शोधलं आणि ओठ काढला. मी धावले.

काकांनी चष्मा पुसला. "थांबणं उत्तम," ते म्हणाले. "इतकं चांगलं या बिल्डिंगमध्ये आजवर कोणी थांबलेलं नाही. सायकलची ओढ आहे. उभं राहणं नाही. पडल्यावर तुम्हाला शोधते. तयार नाही. पाडव्यानंतर आणा." मग भिंतीला धरून उठले, सायकल घेऊन आत गेले आणि कडी लावली.

मी वर येऊन स्वयंपाकघरात ओट्याला टेकून रडले. नवऱ्याला वाटलं नापास केलं म्हणून. तो चप्पल घालून खाली जायलाच निघाला होता. त्याला थांबवून समजावायला मला वेळ लागला, कारण मलाच ते नीट बोलता येत नव्हतं. इतक्या दिवसांत आम्हाला कोणी तारीख दिली नव्हती. पाडव्यानंतर आणा, हे काकांनी दुसऱ्या मजल्यावरच्या मुलाला जसं सांगितलं असतं तसंच, त्याच आवाजात सांगितलं होतं. पाडव्यानंतर काहीतरी वेगळं असू शकतं, असं या जगात एका माणसाला वाटत होतं, आणि तो माणूस खोटं कौतुक करणाऱ्यांपैकी नव्हता. माझा आनंद असा नापासाच्या निकालावर उभा होता, हे आज लिहितानाही विचित्र वाटतं.

तेव्हापासून आमचं सगळं वर्ष त्या तारखांवर चालायला लागलं. पाडव्यानंतर गेलो, नापास. गणपती गेल्यावर गेलो, नापास. दर वेळी कारण नवीन असायचं. "धरून उभी राहते, हात सोडला की विसरते." मग, "उजवा पाय उचलते, डावा ओढते." मग, "चार पावलं ठीक, पाचवं घाईत." व्यायाम घेणाऱ्या मुलीला मी ही कारणं नेऊन सांगायचे आणि ती चकित व्हायची. सईला तर परीक्षा म्हणजे सण वाटायचा. निकाल ऐकून घ्यायची, आणि काका सायकल उचलायला वाकले की विचारायची, "आता कधी?" काका तारीख सांगायचे. ती तारीख ती घरी येऊन सगळ्या बाहुल्यांना सांगायची. एकदा दुपारी काका जिन्यात भेटले आणि म्हणाले, "काल संध्याकाळी वर कोण पडलं?"

"सई," मी म्हणाले.

"आधी उभी होती का?"

"हो. धरल्याशिवाय."

"वाटलंच," काका म्हणाले. "आवाज उंचावरून आला." आणि भाजीची पिशवी सांभाळत निघून गेले.

सई चालायला लागली ती साडेचार वर्षांची होताना. चालणं म्हणजे हात पसरून, डुलत, भिंतीच्या कडेकडेनं. पण चालायला लागली. मात्र एक गोष्ट आमच्या कोणाच्या हातातली नव्हती. तिची उंची वाढत होती. सायकल होती तेवढीच होती. काकांनी एकदा सीट वर घेतली, मग आणखी वर घेतली. पुढे वर घ्यायला जागा उरली नाही, तेव्हा त्यांनी एका वेल्डिंगवाल्याकडून सीटखाली लांब नळी बसवून आणली. ज्या सायकलचा रंगसुद्धा त्यांनी कधी बदलू दिला नव्हता, तिला ती नळी फार विचित्र दिसत होती. नंतरच्या निकालात त्यांनी त्याचा उल्लेख केला नाही आणि मीही विषय काढला नाही.

तेवढ्यात बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. वर्षानुवर्षं नुसतं बोलणं चालू होतं, ते एकदम खरं झालं. भाड्याची घरं शोधा, सामान बांधा, गिझर काढून घ्या. काकांना त्यांचा मुलगा वाघोलीला न्यायला येणार होता. सगळ्यांना वाटत होतं की जाता जाता काका सायकल सईला देऊन टाकतील. मलाही वाटत होतं. पार्किंगमधली शेवटची परीक्षा झाली तेव्हा अर्धी बिल्डिंग रिकामी होती, खोक्यांचे ढीग पडलेले होते. परीक्षेआधी मी काकांना बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाले, "काका, आज तिला पास करा. परत कुठे भेट होणार? थोडं कमी-जास्त असलं तरी."

काकांनी पेपराची घडी केली. मग म्हणाले, "म्हणजे इतके दिवस मी काय तिची समजूत काढत होतो का?"

मी खांबामागे गेले. सई चालत आली, थांब म्हटल्यावर थांबली, सायकलवर टांग टाकताना पडली, आणि तिनं मला शोधलं. "तयार नाही," काका म्हणाले. सईनं विचारलं, "आता कधी?" काका म्हणाले, "दिवाळीनंतर. वाघोलीला यायचं." आणि त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये स्वतःच्या हातानं पत्ता टाईप करून दिला. मी पाहिलं, दहाही बोटांची सवय असलेला माणूस एका बोटानं अक्षरं शोधत होता.

दिवाळीनंतर आम्ही गेलो. नगर रस्त्यावर तासभर गाडी इंचाइंचानं सरकत होती. नवरा म्हणाला, "म्हातारा आजही नापासच करते, बघजो. पास केलं तर मंग आपण कशाले येणार?" मी त्याला गप्प केलं, पण माझ्याही मनात तेच आलं होतं. टायपिंगच्या क्लासबद्दल काका मला एकदा म्हणाले होते की पास झालेलं पोर पेढे घेऊन एकदा येतं, मग रस्त्यात भेटलं तरी त्याला घाई असते.

काका आता नवव्या मजल्यावर राहतात. मुलगा-सून कामाला, नातू शिकायला बाहेरगावी. काका थोडे वाळलेले दिसले. चहा त्यांनीच केला आणि नाश्त्याचं, झोपेचं विचारून झाल्यावर इकडची हकिकत सांगितली. खाली पोडियमवर, म्हणजे पार्किंगच्या छतावर केलेल्या अंगणात, मुलं पुष्कळ, प्रत्येकाकडे स्वतःची सायकल, दोन वर्षांच्या मुलांकडेसुद्धा. आल्या आल्या काही दिवस ते आपली सायकल घेऊन सकाळी खाली जाऊन बसले होते. कोणी काही विचारलं नाही. शेवटी वॉचमननं अदबीनं सांगितलं की बाबा, भंगारवाला रविवारी येतो. हे काकांनी आम्हाला तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, पण मला ते ऐकवलं नाही. मी कप विसळायच्या निमित्तानं आत गेले.

परीक्षा लिफ्टसमोरच्या पॅसेजमध्ये झाली. खांब नव्हता, म्हणून मला जिन्याच्या दाराआड उभं केलं. काका स्टुलावर पेपर घेऊन बसले. सई आली. डुलत, पण आली. थांब म्हटल्यावर थांबली. सायकलवर टांग टाकली, तिचा पाय त्या वेल्डिंगच्या नळीला अडकला आणि ती पडली, चांगली जोरात. मी दार धरून उभी राहिले. सईनं कोपर चोळलं. मग नळीकडे पाहिलं, पाय कुठे अडकला ते बघितलं, उठली, पुन्हा टांग टाकली आणि बसली. माझ्याकडे तिनं पाहिलंच नाही. मी इतकी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे होतं, आणि ते झाल्याक्षणी वाटलं, तिनं एकदा तरी माझ्याकडे बघावं. तिनं पायांनी फरशी रेटली, सायकल थोडी पुढे गेली, आणि तिचे दोन्ही गुडघे हँडलवर आपटले. पुन्हा रेटली, पुन्हा आपटले.

काकांनी चष्मा काढला. या वेळी पुसायला त्यांना फार वेळ लागला. "तयार आहे," ते म्हणाले.



"पण ही नाही," काका पुढे म्हणाले. "ही सायकल तिला लहान झाली. मोठी घ्या. पायडलची."

"घेऊ ना काका," नवरा म्हणाला. "ही पण द्या. ठेवून घेतो आम्ही."

"लहान सायकल ठेवून ती काय करणार?" काका म्हणाले. त्यांनी सईला उतरवून घेतलं, सायकल उचलली आणि आत नेऊन ठेवली. कडी लावली नाही. आम्हाला सोडायला पुन्हा बाहेर आले.

लिफ्ट येईपर्यंत सई त्यांच्यासमोर उभी होती. तिनं नेहमीसारखं विचारलं, "आता कधी?"

दिवाळी, पाडवा, गणपती, यातलं काहीच काकांना म्हणता येईना. "आता परीक्षा नाही," ते म्हणाले. "आता तुला हवं तेव्हा ये."

"पण कधी?"

लिफ्ट आली. आम्ही आत गेलो. मी म्हणाले, "येऊ हं काका," जसं सगळेच म्हणतात. दार बंद होईपर्यंत काका तसेच उभे होते. खाली येऊन आम्ही गाडीत बसलो. नगर रस्त्यावर अजूनही तेवढीच गर्दी होती. सई मागच्या सीटवरून पुन्हा पुन्हा विचारत होती, हवं तेव्हा म्हणजे कधी, आणि आम्ही दोघंही समोरच्या गाड्यांकडे बघत होतो.